बाराखडी तोंडपाठ, पण ‘ताक’ वाचता येत नाही

पत्र

नमस्कार. दिवाळी झाली की माझे दीर आणि जाऊबाई टोळीसोबत ऊसतोडीला जातात. त्यांचा मुलगा आमच्याकडं असतो. सात वर्षांचा आहे, दुसरीत. बाराखडी घडाघडा म्हणतो, क पासून ज्ञ पर्यंत कुठं अडत नाही. पण पुस्तकाचं नवीन पान उघडलं की गप्प. बोट ठेवून विचारलं तर ‘त ला काना ता, क’ म्हणतो आणि माझ्या तोंडाकडं बघत बसतो. मी दहावी शिकलेली आहे. रोज संध्याकाळी त्याच्याकडून बाराखडी दोनदा लिहून घेते, मोबाइलवर अक्षरांची गाणी लावून देते. जाऊबाई गुढीपाडव्याला परत येतील, तोवर लेकराला वाचता यावं असं फार वाटतं. माझं कुठं चुकतंय?
– एक काकू, ता. धारूर, जि. बीड

उत्तर

ताई,

‘त ला काना ता, क, आणि मग माझ्या तोंडाकडं बघतो’ हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण दुखणं नेमकं तिथं आहे. लेकराला अक्षरं ओळखू येतात. अडतंय ते दोन अक्षरांचे आवाज एकमेकांना चिकटवून त्यातून ओळखीचा शब्द ऐकण्यापाशी. ही गोष्ट बाराखडी कितीही वेळा लिहिली तरी येत नाही. ती वेगळी शिकवावी लागते, आणि दहावी शिकलेल्या काकूला ती घरी नक्की शिकवता येते.

आधी बाराखडीचं बघू. मराठीत व्यंजनं ३४ आणि बाराखडीची घरं १२, म्हणजे एकूण ४०८ घरं. (आता ॲ आणि ऑ धरून चौदाखडीही म्हणतात.) ही ४०८ घरं गाण्यासारखी पाठ झाली की लेकरू ती ओळीनंच म्हणू शकतं. खात्री करायची असेल तर कागदावर एकटा ‘पो’ लिहून त्याच्यापुढं ठेवा आणि त्याच्या ओठांकडं बघा. प, पा, पि, पी... असं मनात म्हणत तो पायरीपायरीनं ‘पो’पर्यंत चढत असेल, तर ओठ हलताना दिसतील. एका अक्षराला एवढा वेळ लागला, तर वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. खरं तर शिकायच्या गोष्टी ४०८ नाहीतच. ३४ अक्षरं आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार अशा मोजक्या खुणा, एवढंच. त्यातही ङ आणि ञ दुसरीतल्या लेकराला वाचायला जवळजवळ लागत नाहीत. खुण कुठल्याही अक्षराला लावली तरी आवाजात सारखाच फरक पडतो, हे एकदा उमगलं की उरलेली घरं तो आपली आपण भरतो.

दुसरी अडचण आपल्या सांगण्याच्या पद्धतीत आहे. ‘त तलवारीचा, त ला काना ता, क कमळाचा’ एवढं सगळं म्हणून होईस्तोवर ‘ताक’ कुठल्या कुठं हरवून जातं. अक्षराचं चित्र आणि खुणेचं नाव ओळख करून देताना एकदा सांगायला ठीक आहे. वाचताना मात्र तोंडातून फक्त आवाज यायला हवा: ता, क, ताक.

तिसरी गोष्ट मोठ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. सुटं ‘क’ म्हणताना आपण त्यात अ पूर्ण उच्चारतो, पण शब्दाच्या शेवटी तो गिळतो. ‘ताक’ आपण ‘ताक्’ असंच बोलतो. लेकरू प्रामाणिकपणे ‘ता-कऽ’ जोडतं, त्याला ‘ताकऽ’ ऐकू येतं, आणि असा शब्द त्यानं घरात कधी ऐकलेलाच नसतो. म्हणून तो तुमच्याकडं बघतो. शब्दाच्या मध्येही हेच घडतं. ‘चिमणी’ लिहिताना तीन अक्षरं, पण टाळ्या वाजवत म्हणून बघा, ‘चिम-णी’ असे दोनच ठोके पडतात. याचा नियम लेकराला सांगू नका. सुटे आवाज काढून झाले की एवढंच म्हणा, ‘आता बोलल्यासारखं म्हण.’ हे वाक्य तुम्हाला पुढचे चार महिने रोज लागेल.

शिकवायला बसण्याआधी दहा मिनिटं काढून त्याला काय येतं ते नीट पाहून घ्या. दहा अक्षरं ओळीनं न लिहिता, उलटसुलट. मग पाच शब्द बिनकान्याचे: मन, घर, बस, नळ, गवत. मग पाच कान्याचे: कान, रात, मामा, बाळ, दार. शेवटी तीन खोटे शब्द: लाम, राक, रल. हे शेवटचे तीन महत्त्वाचे. खरा शब्द लेकरू अंदाजानं किंवा पाठ असल्यामुळं म्हणू शकतं. ‘लाम’ असा शब्दच नसल्यामुळं तो खरंच वाचावा लागतो. पाचांपैकी चार बरोबर आले तर तेवढं त्याला येतं असं धरा. पहिल्याच पायरीवर अडला तरी तोंड वाकडं करू नका. कुठून सुरुवात करायची ते कळलं, एवढाच त्याचा अर्थ.

साहित्याला पैसे लागत नाहीत. घरात आलेल्या लग्नपत्रिका घ्या, कोऱ्या बाजूचे दोन-दोन इंचांचे चौकोन कापा आणि ठसठशीत स्केचपेननं एका चिठ्ठीवर एकच अक्षर लिहा. काना मात्र वेगळ्या अरुंद पट्टीवर काढा, अर्धा इंच रुंद, अक्षराएवढाच उंच. पट्टी सुटी ठेवण्यामागं कारण आहे, ते पुढं येतंय. ल आणि श लिहिताना पाठ्यपुस्तकात बघून लिहा. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श अशी वळणं आहेत, २००९च्या शासन निर्णयातही तीच ठरवून दिलेली आहेत. पण मोबाइलवर आणि बाजारातल्या बऱ्याच तक्त्यांवर हिंदी वळणाचे ल, श येतात, आणि नवशिक्या लेकराला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. शिकवताना एकच वळण धरा.

सुरुवात सहा अक्षरांनी आणि एका खुणेनं करा: म, क, न, त, ल, र आणि काना. हीच सहा का? ही वारंवार लागतात, यातून भरपूर खरे शब्द होतात आणि यातली कुठलीही दोन दिसायला फार सारखी नाहीत. म, न, ल, र यांचा आवाज ओढताही येतो, त्यामुळं पुढच्या अक्षराला चिकटवणं सोपं जातं. भ आणि म, घ आणि ध, ट-ठ-ढ-द, ड-ह-झ या सारख्या दिसणाऱ्या अक्षरांना एका आठवड्यात एकत्र आणू नका. एक पक्कं झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दुसरं. ख तर र आणि व शेजारी ठेवल्यासारखा दिसतो, तो सगळ्यात उशिरा आला तरी बिघडत नाही.

रोज वीस मिनिटं पुरेत. त्याहून जास्त ओढलं तर पुढच्या दिवशी लेकरू बसायला तयार होत नाही.

पहिली चार-पाच मिनिटं चिठ्ठ्यांशिवाय, नुसत्या कानाची. ‘घरात म नं सुरू होणारं काय काय आहे?’ मीठ, मिरची, मडकं, मका. उत्तर त्यानं शोधायचं. मग शेवटचा आवाज: कान, पान, रान, यांत शेवटी काय सारखं ऐकू येतं? मग कोडं: तुम्ही ‘ना... क’ असं तोडून म्हणा, शब्द त्यानं सांगायचा. कानानं जोडता आलं तरच डोळ्यानं जोडता येतं. आठवडाभर हे जमत नसेल तर चिठ्ठ्यांची घाई करू नका.

मग चिठ्ठ्या. म आणि न शेजारी ठेवा. त्याला म्हणू द्या: म, न, मन. आता दोन्हींच्या मध्ये कान्याची पट्टी सरकवा: मान. पट्टी काढा: मन. पुन्हा लावा: मान. ती त्याच्याच हातानं लावायला-काढायला द्या. पट्टी लागताच तोंड उघडतं आणि आवाज लांबतो, हे त्याला हातातोंडाला एकदमच कळतं. ‘म ला काना मा’ म्हणायची गरजच उरत नाही. याचसाठी पट्टी सुटी.

मन-मान, कर-कार, तर-तार जमायला लागलं की साखळी खेळा. दर वेळी एकच चिठ्ठी बदलायची: मान, कान, कात, रात, राम, काम, काल, लाल, ताल, तार, आणि शेवटी एक पट्टी जास्त लावली की तारा. बाकी सगळं तेच राहून एकच आवाज बदलतो, त्यामुळं त्याचं लक्ष बरोबर त्या अक्षरावर जातं. मध्येच एखादा ‘लाम’ येऊ द्या आणि विचारा, ‘असा शब्द असतो का रे?’ लेकरांना हे फार आवडतं.

शेवटी लिहिणं, तेही थोडं. तुम्ही शब्द बोला, त्यानं हळूहळू आवाज तोडत पाटीवर लिहायचा. तीन शब्द पुरेत. ऐकून लिहिलेले तीन शब्द बघून लिहिलेल्या दोन बाराखड्यांपेक्षा जास्त शिकवतात, कारण बघून लिहिताना हात चालतो आणि कान झोपलेला असतो. रोजची दोनदा बाराखडी आजपासून बंद करा. मोबाइलवरची गाणीही मागं ठेवा. त्यात पडद्यावर अक्षर यायच्या आतच आवाज येतो, त्यामुळं लेकरू अक्षराकडं न बघता सूर म्हणतं.

दोन-अडीच आठवड्यांत ही सहा अक्षरं कशीही टाकली तरी ओळखू आली की लगेच वाक्य द्या. ‘काल मामा रानात.’ ‘नानाला ताक.’ मग एक स वाढवा, ‘मामा सात तास रानात’ तयार होतं. स्वतः वाचलेलं पहिलं वाक्य त्याला कळलं पाहिजे, म्हणून विचारा, ‘मामा किती वेळ रानात?’

पुढचा गट प, ग, ट, ण आणि दुसरी वेलांटी. माती, पाटी, गाणी, पीक, ‘टाकीत गार पाणी’. त्यानंतर मात्रा आणि काना-मात्रा: शेत, केळी, मोर, पोळी. मग दुसरा उकार, ज्याला तुमच्याकडं शब्दांची कमी नाही: तूर, मूग, गूळ, कापूस. इथं एक सूचना: र ला उकार खाली न लागता पोटाशी लागतो, रु आणि रू. ते वेगळं दाखवावं लागतं, नाहीतर ‘रूप’ समोर आलं की लेकरू थांबतं.

दुसरी वेलांटी पहिलीच्या आधी घ्यायची, हा क्रम मुद्दाम आहे. दुसरी वेलांटी अक्षराच्या नंतर लिहितात आणि नंतरच उच्चारतात. पहिली वेलांटी लिहितात अक्षराच्या आधी, पण उच्चारतात नंतर. लेकरू डावीकडून येतं, त्याला आधी उभी रेघ दिसते, ती मागच्या अक्षराचा काना समजून ते ‘कविता’ला ‘कावता’ वाचतं आणि ‘गणित’ला ‘गाणत’. या चुकीवर रागावू नका. त्यानं काना बरोबर ओळखलाय, फक्त धनी चुकलाय. त्याला वेलांटीची वरची कमान दाखवा आणि विचारा, ‘ही टोपी कुणाच्या डोक्यावर वाकलीय?’ टोपी व च्या डोक्यावर, म्हणून ती व ची. आठ-दहा दिवस पहिली वेलांटी लाल पेननं काढत जा. वाचताना दोन्ही वेलांट्यांचा आवाज त्याला सारखाच वाटेल, तर वाटू द्या. बोलण्यातही आपण तो फरक फारसा पाळत नाही. ऱ्हस्व-दीर्घ हा लिहिण्याचा विषय आहे आणि त्याला अजून वर्ष-दोन वर्षं वेळ आहे.

काही ठिकाणी अक्षर एक आणि आवाज दोन असतात. ‘चार बैलांना चारा’ एवढं म्हणून बघा: पहिला च ‘चिमणी’तला, दुसरा ‘चाक’ आणि ‘चूल’ मधला. जीभ-जाळी, झेंडा-झाड यांतही तेच. छापलेल्या अक्षरावर याची काहीच खूण नसते. लेकरानं ‘चारा’ चुकीच्या च नं वाचला तर म्हणा, ‘गुरांना काय टाकतो आपण?’ तो लगेच आपलं आपण दुरुस्त करेल, कारण शब्द त्याच्या ओळखीचा आहे. अनुस्वाराचंही असंच. आंबा म्हणताना ओठ मिटतात, संत म्हणताना जीभ दाताला लागते, अंगण म्हणताना आवाज घशाकडं जातो, आणि टिंब मात्र एकच. नियम नको, ‘बोलल्यासारखं म्हण’ पुरे. क-ख, त-थ, प-फ यांत गोंधळ होत असेल तर तळहात तोंडापुढं धरायला सांगा. ख, थ, फ म्हणताना हाताला वारा लागतो.

घरच्या बोलीबद्दल आम्हाला कळकळीनं सांगायचंय. घरात कुणी ‘पानी’ म्हणत असेल, ‘येऊलालो’ म्हणत असेल, तर ते अशुद्ध नाही, ती आपली भाषा आहे. पुस्तकात ‘पाणी’ आणि ‘येत आहे’ आलं की एवढंच सांगा, ‘पुस्तकात असं लिहितात.’ ण साठी जीभ वर वळवून टाळ्याला लावायची, ते तुमच्या तोंडाकडं बघून तो शिकेल. पण ‘तुला नीट बोलता येत नाही’ हे एकदा जरी ऐकलं, तरी लेकरू वाचताना आवाजच बारीक करतं, आणि मग त्याचं काय चुकतंय हे तुम्हाला ऐकूच येत नाही.

ताई, आणखी एका फसगतीपासून सावध राहा. काही दिवसांनी तो पाठ्यपुस्तकातला धडा घडाघडा वाचेल आणि तुम्हाला हायसं वाटेल. त्या वेळी चित्रावर हात ठेवा आणि ओळीतला शेवटचा शब्द विचारा, मग मधला. अडखळला तर धडा पाठ झालाय. शाळेत ऐकून पाठ होतो, यात त्याची लबाडी नाही. अशा वेळी त्याच शब्दांची नवी वाक्यं पाटीवर लिहून द्या.

शाळेत बाराखडी म्हणून घेत असतील तर त्यावरून सरांशी किंवा बाईंशी वाद नको. अक्षरं आवाजानं पक्की झाल्यावर बाराखडी उपयोगीच पडते, खुणांची उजळणी होते. उलट तुमच्या चिठ्ठ्या त्यांना दाखवा आणि वर्गात सध्या कुठली अक्षरं चालू आहेत ते विचारा.

पाडव्यापर्यंत कुठवर पोचाल? ‘निपुण भारत’ हे मुलांच्या वाचन-गणितासाठीचं केंद्र सरकारचं अभियान २०२१ साली सुरू झालं. त्यात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत असं लक्ष्य आहे, आणि पहिलीच्या अखेरीस सोप्या चार-पाच शब्दांची छोटी वाक्यं. तुमच्या लेकराची सुरुवात आत्ता होतेय. रोज वीस मिनिटं बसलात तर चार महिन्यांत सगळ्या खुणा आणि छोटी वाक्यं होणं शक्य आहे. वेग नंतर येईल, त्यासाठी घड्याळ लावू नका. ‘पत्ता’, ‘चप्पल’ अशी सोपी जोडाक्षरं शेवटी आली तर उत्तम. ‘ज्वारी’, ‘सूर्य’ पाडव्यानंतर.

सहा ते आठ आठवडे नेमानं करूनही कालचं आज अजिबात आठवत नसेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. कान वाहत असेल किंवा मागून हाक मारल्यावर ओ देत नसेल तर मुळीच थांबू नका, कारण ऐकू कमी येणाऱ्या लेकराला त-थ आणि प-फ मधला फरक कितीही शिकवला तरी कळणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं. ते कधी येणार हे मुख्याध्यापकांना विचारा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहून हे सांगा.

आता जाऊबाईंचं. त्या दिवसभर फडात असतील, रात्री कोपीवरून (तिथल्या झोपडीवरून) फोन येत असेल. त्या फोनवर ‘अभ्यास केला का’ एवढंच विचारणं होतं. त्याऐवजी आईला एक काम द्या. त्या दिवशी जे अक्षर झालं, त्याचा एक शब्द तिनं सांगायचा. वाचता येत नसलं तरी शब्द सांगता येतो. लेकरानं तो ऐकायचा, फोन चालू असतानाच चिठ्ठ्या लावून बनवायचा आणि आईला वाचून दाखवायचा. न आलेली अक्षरं त्यात असतील तर तेवढी तुम्ही लावा. शब्द वहीत तारखेसह लिहून ठेवा. पाडव्याला आई घरी आली की ती वही त्याच्या हातात द्या आणि तिला पहिल्या पानापासून वाचून दाखवू द्या.